कूलरच्या टाकीतला अनोळखी जिवाणू आणि त्याचं नाव

मायक्रोबायोलॉजीला नव्याने आलेली मुलं पहिल्या पंधरवड्यातच प्लेट (जिवाणू वाढवायची चपटी बशी) घेऊन येतात. "मॅडम, हा कोणता बॅक्टेरिया आहे?" प्लेटवर चार-पाच तऱ्हेच्या कॉलन्या (जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) एकमेकींवर चढलेल्या असतात आणि नाव मी नुसतं बघून सांगावं अशी अपेक्षा असते. मी उलट विचारते, "प्युअर आहे का?" म्हणजे एकाच तऱ्हेचा आहे का? बहुतेक वेळा नसतो. मग पुढच्या सगळ्या गप्पा थांबतात आणि स्ट्रीकिंगपासून, म्हणजे प्लेटवर रेघा ओढून जिवाणू सुटे करण्यापासून, सुरुवात होते.

अनोळखी जिवाणू ओळखणं म्हणजे एकेका प्रश्नाने संशयितांची यादी लहान करत जाणं. नाव सगळ्यात शेवटी येतं. ज्याने आधीच मनाशी नाव ठरवलं, त्याला प्रत्येक टेस्ट त्याच नावाची दिसायला लागते. मी हे स्वतः भोगलंय, ते पुढे सांगतेच.

इथे सगळी वाट क्रमाने लिहिते आहे, पण नागपूरची लॅब डोळ्यांसमोर ठेवून. बाहेरून आलेल्या पुस्तकात ‘रूम टेम्परेचरला ठेवा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा लेखकाच्या मनात २५ अंश असतात. आपल्याकडे मे महिन्यात रूम म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्या एका शब्दाने बरेच रिझल्ट बिघडतात.

उदाहरणाला नमुनाही इथलाच घेऊ. कूलरच्या टाकीतलं पाणी. उन्हाळाभर टाकी उघडी, पाणी कोमट, कडेला बोटाला लागणारा बुळबुळीत थर. जिवाणूंच्या दृष्टीने याहून चांगलं घर शोधून सापडणार नाही.

सुरुवात करण्याआधी

ज्याचं नाव माहीत नाही, त्याला रोगकारक समजूनच हाताळायचं. अ‍ॅप्रन, हातमोजे, तोंडाने पिपेट ओढायचं नाही, आणि प्लेट उघडून वास घ्यायचा नाही. जुन्या पुस्तकांत ‘द्राक्षासारखा वास’, ‘ओल्या मातीचा वास’ अशी वर्णनं आहेत. वाचायला मजा येते, पण ती वाचूनच सोडून द्या. काम झालेल्या प्लेटा आणि ट्यूबा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय, लॅबबाहेर जात नाहीत. मीडियासाठी, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खाद्यासाठी, १२१ अंश, १५ पौंड दाब आणि १५ मिनिटं पुरतात. भरगच्च कचऱ्याच्या पिशवीला जास्त वेळ द्यावा लागतो, कारण मधोमध उष्णता उशिरा पोचते.

आणि काम सुरू करताना लॅबमधला कूलर बंद करा. घामाघूम व्हाल, पण इलाज नाही. कूलरच्या झोताने बर्नरची ज्योत आडवी होते आणि ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा बुरशीचे बीजाणू थेट उघड्या प्लेटवर आणून टाकते. एप्रिल-मेमध्ये प्लेटवर काळी-हिरवी बुरशी दिसली की मी आधी कूलरकडे बघते, विद्यार्थ्याकडे नंतर.

एकटी कॉलनी

सगळ्या कामाचा पाया इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

लूप (टोकाला कडं असलेली तार) लाल होईपर्यंत तापवा, थंड होऊ द्या, नमुन्याचा थेंब घेऊन न्यूट्रिएंट अगारच्या (साध्या, घट्ट मीडियाच्या) प्लेटच्या एका कडेला पसरवा. पुन्हा लूप तापवा, थंड करा, पहिल्या भागाला दोन-तीनदाच स्पर्श करून दुसरा भाग ओढा. असंच तिसरा, मग चौथा. दर भागाला लूप तापवायचा कंटाळा करणाऱ्याच्या चौथ्या भागातही गर्दीच उगवते. दुसऱ्या दिवशी चौथ्या भागात सुट्ट्या, एकमेकींपासून लांब कॉलन्या दिसल्या पाहिजेत. त्यातली एक उचलून पुन्हा नवीन प्लेटवर स्ट्रीक करा. मग आणखी एकदा. सगळ्या कॉलन्या एकसारख्या येईपर्यंत.

एक फसवी जागा इथे आहे. मॅकाँकी अगार या निवडक मीडियावर ग्राम पॉझिटिव्ह (पुढे येणाऱ्या ग्राम स्टेनमध्ये जांभळे राहणारे) वाढत नाहीत, म्हणून त्यावरची कॉलनी शुद्धच असणार असं मुलं धरून चालतात. मॅकाँकीतले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्राम पॉझिटिव्हना दाबून ठेवतात, पण सगळ्यांना मारतात असं नाही. कॉलनीच्या खाली किंवा शेजारी ते गप्प पडून राहतात. तुम्ही कॉलनी उचलून साध्या मीडियावर नेली की दबलेला पाहुणा डोकं वर काढतो. म्हणून मॅकाँकीवरून थेट टेस्टला जायचं नाही. मध्ये एकदा न्यूट्रिएंट अगारवर स्ट्रीक करायचं.

शुद्ध कल्चर, म्हणजे एकाच जिवाणूची वाढ, मिळालं की वहीत कॉलनीचं वर्णन लिहा. आकार मिलिमीटरमध्ये, कड, उंचवटा, पृष्ठभाग, रंग, पारदर्शकता आणि रंग अगारमध्ये उतरतो का. आमच्या कूलरवाल्याचं, म्हणजे टाकीतल्या जिवाणूचं, वर्णन असं होतं: सपाट, कड वेडीवाकडी, पसरत जाणारी कॉलनी, आणि तिच्याभोवतीचा अगारसुद्धा हिरवट. मॅकाँकीवर तोच जिवाणू गुलाबी न होता फिकट राहिला, म्हणजे त्याने लॅक्टोज वापरलं नाही.

"मॅडम, हा तर सूडोमोनासच दिसून राहिला," एक मुलगा म्हणाला. असेल. पण अजून आपल्याकडे पुरावा काहीच नाही.

ग्राम स्टेन

हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये जिवाणू रंगवून दोन गटांत वेगळे करायची ही पद्धत प्रसिद्ध केली. आजही पहिला मोठा फाटा तिथेच फुटतो.

कल्चर १८ ते २४ तासांचं ताजं घ्या. स्लाइडवर पाण्याचा लहानसा थेंब, त्यात सुईच्या टोकाएवढी कॉलनी. स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला थर, एवढा पातळ हवा की वाळल्यावर त्याच्यातून वर्तमानपत्राची अक्षरं वाचता यावीत. हवेत वाळवा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, धुवा. आयोडीन एक मिनिट, धुवा. मग अल्कोहोल.

खरा खेळ या अल्कोहोलचा आहे. स्लाइड तिरपी धरून थेंब थेंब सोडा. खाली उतरणारा जांभळा रंग फिका होत होत जवळजवळ स्वच्छ झाला की त्याच क्षणी पाण्याखाली धरा. दहा-पंधरा सेकंदांचं काम. जास्त झालं तर ग्राम पॉझिटिव्हही रंग सोडतात, कमी पडलं तर ग्राम निगेटिव्ह जांभळे राहतात. स्मिअर जाड असेल तर एकाच स्लाइडवर दोन्ही चुका होतात. शेवटी सॅफ्रानिन एक मिनिट, रंग सोडलेले ग्राम निगेटिव्ह त्याने लाल होतात. उन्हाळ्यात पंख्याखाली स्टेन स्लाइडवरच वाळतो आणि त्याचे स्फटिक पडतात. नवशिक्याला ते जांभळे कॉकाय (गोल जिवाणू) वाटतात. म्हणून पंखा बंद, आणि रंग भरपूर टाका.

एकाच स्लाइडवर तीन स्मिअर करायची सवय लावून घ्या: डावीकडे माहितीतला स्टॅफिलोकॉकस, उजवीकडे ई. कोलाय, मध्ये तुमचा अनोळखी. दोन्ही ओळखीचे बरोबर रंगले, तरच मधल्याचं म्हणणं खरं धरायचं.

मातीच्या नमुन्यात बॅसिलस हमखास भेटतो आणि तो इथे चकवतो. कल्चर दोन-तीन दिवसांचं झालं की त्याच्या पेशी रंग धरून ठेवत नाहीत आणि अर्ध्या जांभळ्या, अर्ध्या लाल दिसतात. मुलांना वाटतं कल्चर मिसळलंय. ताजं कल्चर घेऊन पुन्हा स्टेन करा. तरीही शंका राहिली तर तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी घोळून लूप हळूच वर उचला. चिकट दोर निघाला तर ग्राम निगेटिव्ह. त्यांची पातळ भिंत अल्कलीने फुटते, आतला डीएनए बाहेर पडतो आणि त्याचाच दोर होतो.

आमचा कूलरवाला: लाल, सरळ, मध्यम लांबीचे दांडके. हँगिंग ड्रॉपमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या लटकत्या थेंबात, सरसर पळणारे.

इथून फाटे फुटतात

ग्राम पॉझिटिव्ह कॉकाय असतील तर पुढचा प्रश्न कॅटालेज, म्हणजे पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम. स्वच्छ स्लाइडवर कॉलनी ठेवून तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर स्टॅफिलोकॉकसच्या बाजूला, नाही आले तर स्ट्रेप्टोकॉकस-एन्टरोकॉकसच्या बाजूला. ब्लड अगारवरची कॉलनी मात्र घेऊ नका, रक्तपेशींमध्ये स्वतःचं कॅटालेज असतं. स्टॅफिलोकॉकस ठरल्यावर कोअ‍ॅग्युलेज. सशाच्या प्लाझ्मात गुठळी झाली तर ऑरियसकडे बोट जातं. दांडके असतील आणि स्पोर दिसले तर बॅसिलसचा रस्ता. मॅलाकाइट ग्रीनने स्पोर हिरवे, बाकी पेशी लाल.

ग्राम निगेटिव्ह दांडक्यांसाठी पहिला प्रश्न ऑक्सिडेज हे एन्झाइम आहे का. आणि इथेच माझी जुनी जखम आहे.

एम.एस्सी.ला असताना मी फुटाळा तलावाच्या पाण्यातून एक जिवाणू वेगळा केला. ग्राम निगेटिव्ह दांडका, ग्लुकोज आंबवणारा, इंडोल पॉझिटिव्ह, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. तक्ता उघडला, बोट फिरवलं, एरोमोनास! तलावाच्या पाण्यात एरोमोनास असतोच, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. महिनाभर मी त्याच्यावर काम केलं, सेमिनारची पानं रंगवली. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "लूप कशाचा होता?" निक्रोमचा होता. निक्रोममधल्या लोहाने ऑक्सिडेजचं रसायन आपोआप निळं-जांभळं पडतं, जिवाणूने काही केलं नसलं तरी. लाकडी काडीने पुन्हा केलं तर निगेटिव्ह. माझा एरोमोनास साधा ई. कोलाय निघाला. मॅकाँकीवर तो पहिल्या दिवसापासून गडद गुलाबी होता आणि मी त्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

तर ऑक्सिडेज करताना फिल्टर पेपरवर ताजं रसायन, लाकडी टूथपिक किंवा प्लॅटिनम लूप, न्यूट्रिएंट अगारवरची कॉलनी, आणि दहा सेकंदांतला रंगच खरा. त्यानंतर निळं पडलं तर मोजायचं नाही, कारण हवेनेसुद्धा ते रसायन हळूहळू निळं पडतं. शेजारी ई. कोलायचा निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे उत्तर निगेटिव्ह येणार हे आधीच माहीत असलेला जिवाणू, ठेवायचा. त्या दिवशी मी तो ठेवला असता तर तोही निळा पडला असता आणि माझा महिना वाचला असता.

आमचा कूलरवाला लाकडी काडीने पाच सेकंदांत गडद जांभळा झाला. शेजारचा ई. कोलाय पांढराच राहिला.

साखरेच्या टेस्ट

ऑक्सिडेज निगेटिव्ह असेल तर बहुधा तुम्ही आतड्यातल्या जिवाणूंच्या कुळात शिरलात. तिथे आयएमव्हिक (इंडोल, मिथाइल रेड, व्हीपी म्हणजे व्होजेस-प्रोस्काउअर आणि सिट्रेट या चार टेस्ट), टीएसआय (ट्रिपल शुगर आयर्न) आणि युरिएज ही नेहमीची मंडळी. ई. कोलायची आयएमव्हिक ओळ अधिक-अधिक-उणे-उणे, क्लेब्सिएला न्यूमोनीची बहुधा बरोबर उलटी. युरिएज झटपट गुलाबी झालं आणि अगारवर लाटांसारखी वाढ पसरली तर प्रोटियस आठवा.

या टेस्टमध्ये चुका ठरलेल्या असतात. मिथाइल रेड ४८ तासांआधी वाचायची नाही. चोवीस तासांनी जवळजवळ सगळेच आम्लधर्मी असतात आणि सगळेच पॉझिटिव्ह वाटतात. व्हीपीत आधी अल्फा-नॅफ्थॉल, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइड, क्रम उलटा नको. ट्यूब हलवून हवा मिसळू द्या आणि पंधरा-वीस मिनिटं धीर धरा. सिट्रेटला सरळ तारेने अगदी थोडं कल्चर लावा. भरपूर लावलं तर त्याबरोबर गेलेल्या अन्नावरच वाढ होते आणि खोटं पॉझिटिव्ह दिसतं.

टीएसआय मात्र समजून घेण्यासारखी आहे. एकाच ट्यूबमध्ये लॅक्टोज एक टक्का, सुक्रोज एक टक्का आणि ग्लुकोज फक्त ०.१ टक्का. जो फक्त ग्लुकोज वापरतो, तो सुरुवातीला सगळी ट्यूब पिवळी करतो. पण ग्लुकोज इतकं थोडं असतं की काही तासांत संपतं. मग वरच्या उतारावर, जिथे हवा आहे, तो पेप्टोन खायला लागतो, अल्कली तयार होते आणि उतार पुन्हा लाल होतो. तळ पिवळाच राहतो. ही सगळी गोष्ट १८ ते २४ तासांत घडते. आठ तासांनी पाहिलं तर चूक, दोन दिवसांनी पाहिलं तरी चूक. शनिवारी दुपारी ट्यूब लावून सोमवारी वाचणाऱ्यांची टीएसआय मी तपासतसुद्धा नाही.

कूलरवाल्याची टीएसआय वर लाल, खाली लाल. एकही साखर आंबवली नाही. मग ह्यू-लाइफसन, म्हणजे ग्लुकोज हवेत वापरतो की हवेविना, ते बघायची टेस्ट. एकाच जिवाणूच्या दोन ट्यूबा, एकीवर पॅराफिनचा थर. उघडी ट्यूब पिवळी झाली, झाकलेली हिरवीच राहिली. म्हणजे ग्लुकोज वापरतो, पण हवा असेल तरच. इंडोल, मिथाइल रेड, व्हीपी तिन्ही निगेटिव्ह, सिट्रेट निळं. आता सूडोमोनास म्हणायला आधार आहे. पण कोणता?

नागपूरचं ऊन मध्ये येतं ते इथे

साधा इन्क्युबेटर (जिवाणू ठरावीक तापमानाला वाढवायची पेटी) फक्त तापवू शकतो, गार करू शकत नाही. खोलीच ४२ अंशांवर असेल तर ३७ वर लावलेला इन्क्युबेटर ३७ वर राहणार नाही, बटण कितीही फिरवा. यासाठी बीओडी इन्क्युबेटर लागतो, त्यात कूलिंग असतं. डिस्प्लेवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आत पाण्याच्या बाटलीत बुडवलेला थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-दुपार वहीत लिहा.

याचे परिणाम ओळखीवर होतात. सेराशिया मार्सेसेन्स २८-३० अंशांना सुंदर लाल रंग देतो, ३७ ला तोच पांढरा पडतो. बीओडी नसलेल्या लॅबमध्ये एप्रिलमध्ये हा जिवाणू ओळखायला बसाल तर रंगाचा पुरावाच नाहीसा झालेला असेल.

जिलेटिनची गोष्ट तर आमच्याकडे दरवर्षी घडते. जिलेटिन खाणारा जिवाणू मीडिया पातळ करतो, अशी ही टेस्ट. पण जिलेटिन स्वतःच २८ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात टेबलावरची प्रत्येक ट्यूब पातळ! "मॅडम, सगळेच पॉझिटिव्ह येऊन राहिले." कंट्रोल ट्यूब बघ म्हटलं तर तीही पाण्यासारखी. उपाय सोपा आहे. सगळ्या ट्यूबा, जिवाणू न लावलेल्या कंट्रोलसह, अर्धा तास फ्रीजमध्ये उभ्या ठेवा, मग बाहेर काढून लगेच तिरप्या करा. कंट्रोल घट्ट झाला आणि तुमची ट्यूब तरीही वाहिली, तरच पॉझिटिव्ह. कूलरवाल्याची वाहिली.

आता शेवटचा फाटा. सूडोमोनास एरुजिनोसा ४२ अंशांना वाढतो. त्याचा भाऊबंद सूडोमोनास फ्लुरेसेन्स वाढत नाही, तो ४ अंशांना मात्र वाढतो. मुलं हसून म्हणतात, मग प्लेट गच्चीवर ठेवू का. नाही. गच्चीवर दुपारी ४५ आणि पहाटे ३० असतात. आपल्याला ४२ स्थिर हवेत. म्हणून ब्रॉथची (पातळ मीडियाची) ट्यूब वॉटर बाथमध्ये ठेवायची, बाथच्या पाण्याची पातळी ब्रॉथच्या वर हवी. आमच्या ट्यूबा दुसऱ्या दिवशी गढूळ झाल्या, म्हणजे जिवाणू वाढला. किंग ए मीडियावर पायोसायनिन हा निळा-हिरवा रंग आला, क्लोरोफॉर्म घालून हलवल्यावर तो निळा होऊन खालच्या थरात उतरला. आता नाव लिहायला हरकत नाही: सूडोमोनास एरुजिनोसा. मुलाचा पहिल्या दिवसाचा अंदाज बरोबर ठरला. तो त्याबद्दल आठवडाभर मिरवत होता.

हा संधिसाधू रोगकारक आहे. भाजलेल्या जखमा आणि आजारी फुप्फुसं त्याला आवडतात. तेव्हा कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासा.

किट, यंत्रं आणि १६एस

मोठ्या रुग्णालयांत माल्डी-टॉफ किंवा व्हायटेकसारखी यंत्रं काही मिनिटांत किंवा तासांत नाव देतात. एपीआय २०ई ही पट्टी वीस छोट्या टेस्टचा सात आकडी क्रमांक काढून देते. सोय आहे, पण या सगळ्यांना शुद्ध कल्चरच लागतं आणि त्यांच्या यादीत नसलेल्या मातीतल्या जिवाणूपुढे ती गोंधळतात. जुन्या तक्त्यांसाठी अजून बर्जीज मॅन्युअल हे जिवाणूंचं संदर्भपुस्तकच उघडावं लागतं. त्याची पहिली आवृत्ती १९२३ ची, म्हणजे आपल्या नागपूर विद्यापीठाच्याच वयाची.

पीएच.डी. किंवा शोधनिबंधासाठी जिवाणूंतल्या १६एस आरआरएनए जीनचं सिक्वेन्सिंग करतात, म्हणजे त्यातल्या बेसचा क्रम वाचतात. साधारण दीड हजार बेसचा तुकडा, २७एफ आणि १४९२आर ही प्रायमरची (तुकड्याची दोन्ही टोकं पकडणाऱ्या छोट्या डीएनएची) जोडी. दोन्ही बाजूंनी वाचून जोडून घ्या, एका बाजूच्या सात-आठशे बेसवर प्रजाती ठरवू नका. ब्लास्टमध्ये (डेटाबेसशी क्रम जुळवून बघणाऱ्या साधनात) वर आलेलं पहिलं नाव उचलू नका, टाइप स्ट्रेनशी, म्हणजे प्रजातीच्या अधिकृत नमुन्याशी, तुलना करा. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर कदाचित नवीनच प्रजाती हाती लागली आहे. वर असेल तरी प्रजाती नक्की झाली असं नाही. ई. कोलाय आणि शिगेला १६एसने वेगळे होत नाहीत, बॅसिलस सिरियसच्या गटातही तेच. तिथे पुन्हा बायोकेमिकल टेस्टकडे यावं लागतं. आणि क्रोमॅटोग्रामवर (सिक्वेन्सिंगच्या आलेखावर) एका जागी दोन शिखरं दिसायला लागली तर बहुधा पहिल्या आठवड्यातलं स्ट्रीकिंग कच्चं राहिलेलं असतं.

नाव मिळाल्यावर

रिपोर्टमध्ये जेवढा पुरावा तेवढंच नाव लिहा. प्रजातीपर्यंत पोचला नसाल तर ‘सूडोमोनास स्पी.’ (सूडोमोनासची कुठलीतरी प्रजाती) लिहिण्यात कमीपणा नाही. सोबत प्रत्येक टेस्टचा रिझल्ट, तापमान, किती तासांनी वाचलं आणि कंट्रोलचं काय झालं हे लिहा.

त्याच दिवशी स्टॉक करा. ताज्या ब्रॉथमध्ये ग्लिसरॉल १५ ते २० टक्के होईल इतकं मिसळून लहान ट्यूबांत भरा आणि उणे ८० मध्ये ठेवा. ती सोय नसेल तर उणे २० मध्ये, पण मग काही महिन्यांनी तपासत राहा. किमान दोन ट्यूबा वेगवेगळ्या फ्रीजरमध्ये असू द्या, एक फ्रीजर बंद पडला तर एक तरी वाचेल. प्लेटवर नाव-तारीख झाकणावर न लिहिता तळावर लिहा, झाकणं एकमेकांत बदलतात. स्टॉकच्या ट्यूबवर कागदी टेप लावून पेन्सिलीने लिहा. मार्करची अक्षरं अल्कोहोलचा बोळा फिरला की पुसली जातात, आणि मग फ्रीजरमध्ये पुन्हा एक अनोळखी जिवाणू तयार होतो.